चौकाची मधली जागा

मी शहापूरजवळच्या सरकारी कलाशाळेत शिपाई आहे. चित्र, गाणं, नाच शिकवणारी फुकट शाळा. परीक्षा पास झाली तरच प्रवेश. सांगायला लाज वाटते, पण सकुबाईचं सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

सकुबाई वरच्या पाड्यावरची. आसपासच्या वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढावा तो तिनंच. चौकात मधे देवी बसवायची, पण खरोखरीचं लग्न असेल तरच; नाहीतर मधली जागा मोकळी. उगाच बोलवायला देवी काय रिकामटेकडी आहे होय? पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

तिची नात रविना परीक्षेला बसली. 'लग्नाचा चौक काढा' असंच आलं. पोरीनं असा काढला, की मी चहाची किटली घेऊन तिथंच उभा राहिलो. मधली जागा अर्थातच मोकळी. आणि आमच्या मुख्याध्यापकांनी त्यावर लाल पेनानं काय लिहावं? 'अपूर्ण'! जागा मिळाली कल्याणच्या पोरीला, जिनं मोबाइलवरनं घोकून मधे देवी बसवलेली. शिसारी येते हो.

बरं, एवढ्यावर तरी थांबावं? मोठे पाहुणे यायचे म्हणून साहेबांनी सकुबाईलाच बोलावलं. "आजी, दारासमोरच्या भिंतीवर चौक काढा. पोरीचं बघू मग."

त्या 'बघू'वर म्हातारी तीन दिवस उन्हात खपली. मी म्हटलं, "मावशे, ह्या माणसाचं काय खरं नाय." तर म्हणते, "असू दे रे कमळाकर. पोरगी शिकंल."

पाहुणे आले. साहेबांनी भिंतीकडे हात केला. "बघा, मधली जागा रिकामी! लग्नाशिवाय देवी बसवत नाहीत. केवढी खोल परंपरा!" टाळ्या. हे आदल्या दिवशी मीच त्यांना समजावलेलं, रविनासाठी बोलायला गेलो तेव्हा. निर्लज्ज माणूस! 'अपूर्ण' लिहिलेला तिचा कागद ऑफिसच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

साहेबांनी सकुबाईला शाल घातली, नारळ दिला. तिनं नारळ काखेत धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, आमच्या रविनानं पन अशीच जागा सोडलेली. मंग तिचं नाव कधी लागंल?"

"प्रवेश संपले, आजी. जेवून जा हां."

ती जेवली नाही. पाहुणे तिथंच होते, कपाट वीस पावलांवर होतं, आणि मी किल्ली काही बाहेर काढली नाही. थू माझ्यावर.