खडे निवडलेली माती

मातीबाई तळहातावर माती घ्यायच्या, तिच्यावर सरळ थुंकायच्या आणि अंगठ्याने मळायला लागायच्या. समोर कोण बसलंय याची पर्वा त्यांना कधीच नव्हती. एकदा दिल्लीहून आलेल्या सुटाबुटातल्या पाहुण्याने हा प्रकार बघितला आणि हातातलं बिस्कीट हळूच बशीत परत ठेवलं. बाईंनी मळलेल्या मातीची अंगठ्याखालून पट्टी काढली. ती जरा लांबली नाही तोच तुटली. "वाळू जास्त, चिकणमाती नावाला," त्या म्हणाल्या. "खा हो बिस्कीट, तुमच्यावर नाही थुंकले."

आमचं ऑफिस मुलुंडला, कारखान्यांच्या गाळ्यांवरच्या मजल्यावर. खाली दिवसभर लेथ घरघरायची आणि वर आम्ही कुठल्या कुठल्या मुलखातल्या जमिनींच्या पिशव्या घेऊन बसायचो. जमिनीची पाहणी करून अहवाल देणारी ती छोटीशी खाजगी कंपनी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, मी नुकतीच बी.एस्सी. झालेली, आणि नोकरी मिळाली याच आनंदात. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "माती म्हणजे मातीच ना बाई, तिच्यात काय एवढं?"

"उद्या म्हणशील माणूस म्हणजे माणूस," बाई म्हणाल्या. "मग स्थळं कशाला बघतात गो?"

हे त्यांचं आवडतं. मातीचं वर्गीकरण त्यांनी मला स्थळ बघायच्या भाषेतच शिकवलं. वरचा रंग बघून भुलायचं नाही. खड्डा खणायचा, एकाखाली एक थर बघायचे, घराणं कुठलं, पोटजात कुठली, पोटात काय दडलंय ते विचारायचं. कोरड्या मुलखातली माती तर फार लबाड, असं त्यांचं म्हणणं. वर मऊ, पिवळट, भुसभुशीत वाळू. बघणाऱ्याला वाटतं, वा, झकास जमीन! आणि हातभर खाली चुन्याचे पांढरे खडे, त्याखाली चुन्याचाच कडक थर, पहार आपटली तर ठणकन आवाज येणारा. पाऊस कमी म्हणून चुना विरघळून वाहून जात नाही, तिथेच साचून घट्ट बसतो. त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून फेस येतो. "खोटं बोलत नाही हो फेस," असं म्हणून बाई बाटलीचं बूच लावायच्या.

त्यांच्या पर्समध्ये मातीच्या रंगांचं एक पट्टीपुस्तक असायचं, आणि त्यांची दुनिया त्या पट्ट्यांवर चालायची. चहावाला पोऱ्या आला की कपाशेजारी पट्टी धरून "आज फारच फिका आणलास रे" म्हणून त्याला परत पाठवायच्या. माझ्या लग्नाच्या शालूचा रंगही त्यांनी त्या पुस्तकातला नंबर सांगून पसंत केला. दुकानदार वेड्यासारखा बघत राहिला होता.

बाई मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, ते गेल्यावर मुलुंडच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांची म्हातारी आई, एवढाच संसार. आईला त्या आये म्हणायच्या, म्हणून आम्हीही आयेच म्हणायचो. आयेचं एक होतं, हाताला काम नसलं की तिला करमायचं नाही.

आणि तिथेच वाट लागली.

त्या वर्षी आमच्याकडे जैसलमेरच्या पलीकडच्या एका मोठ्या कुरणाचं काम आलं. एका धनवान माणसाला ते सगळं नांगरून शेती करायची होती आणि त्यासाठी जमीन लागवडीलायक आहे असा अहवाल हवा होता. बाई खड्डे खणून, नोंदी करून, पिशव्या भरून आल्या त्या एकच वाक्य घेऊन. "ही गवताची जमीन आहे. नांगर लावला तर वरची वाळू वाऱ्यावर जाईल आणि उरेल चुन्याची फरशी." तिथल्या सेवण गवतावर आजूबाजूची सगळी जनावरं जगत होती.

नेमका श्रावण. ऑफिसचे पत्रे गळत होते, मुंबईच्या हवेत पिशव्या सर्दावल्या. तपासणीआधी माती वाळवायला हवी म्हणून बाईंनी त्या घरी नेल्या, खोलीभर वर्तमानपत्रं अंथरली, प्रत्येक ढिगावर चिठ्ठी ठेवली, पंखा सोडला आणि ऑफिसला आल्या. संध्याकाळी पिशव्या भरायला मीही त्यांच्याबरोबर गेले. दारातच आये सूप घेऊन उभी, चेहऱ्यावर केवढा आनंद!

"चेडवा, केवढे खडे गो त्या मातीत! सगळे निवडून टाकलंय बघ."

जन्मभर तांदूळ निवडलेली बाई ती. ढीग एकमेकांत न मिसळता, चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवून, तिने दिवसभर बसून एकूण एक चुन्याचा खडा वेचला होता आणि जिन्यापाशी चिखल झाला होता त्यात नेऊन टाकला होता. खडे आम्हीही चाळून काढतो, पण वजन करून, नोंदवून. आता त्या मातीत खड्यांचा पुरावाच उरला नव्हता. बाईंनी एका ढिगात हात घातला, वाळू बोटांतून सोडली आणि खाली बसल्या. मला वाटलं, आता स्फोट होणार.

"आये," त्या म्हणाल्या, "एकव खडो रवाक नाय गो." आणि हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आयेला काही कळेना. तीही हसली, आणि मग माझं तोंड बघून तिने सूप हळूच खाली ठेवलं.

साहेबांना मात्र घबाड मिळालं. साहेब म्हणजे आमचे मालक. वाईट माणूस नव्हे, पण गिऱ्हाइकापुढे पाठीचा कणा मऊ. "नमुन्यात खडे नाहीत ना? मग झालं. लागवडीलायक लिहा."

"माझ्या नोंदीत आहेत."

"नोंदी तुमच्या हातच्या. पुरावा कुठाय?"

"आणते," बाई म्हणाल्या, आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. साहेबांनी वर बघितलं तोवर मीही माझा अर्ज शेजारी सरकवला होता. का ते मला आजही सांगता येणार नाही. त्या बाईला एकटीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं.

त्या कुरणात मी पहिल्यांदा सेवण गवत बघितलं, कमरेइतकं, वाऱ्यावर एका अंगाला झुकलेलं. बाईंनी एक मूळ उपटून माझ्या हातात दिलं. सुतळीएवढं मूळ, आणि त्याला वाळूचं घट्ट आवरण. "मोजे घातलेत बघ," त्या म्हणाल्या. "वाळूला धरून बसतं, ओल जाऊ देत नाही. नांगरलं की हे मोजे गेले." एक म्हातारा गाई घेऊन खड्ड्याशी येऊन उभा राहिला. बाईंनी आपल्या मुंबईच्या हिंदीत विचारलं, "बाबा, ये घास गया तो गाय किधर जायेगा?"

"जिधर गाय, उधर हम," तो म्हणाला आणि गाई पुढे हाकलत निघून गेला.

बाईंनी लगेच पहार माझ्या हातात दिली. खड्ड्यातल्या कडक थराचा भोपळ्याएवढा तुकडा काढायला लावला. "हा घे, आये सुपात घेऊन बसली तरी निवडता यायचा नाही." तो दगड आम्ही आळीपाळीने मांडीवर घेऊन मुंबईला आणला.

साहेबांच्या टेबलावर बाईंनी तो धपकन ठेवला आणि आम्लाची बाटली उपडी केली. जो काही फेस उसळला! काचेवरून ओघळून साहेबांच्या डायरीपर्यंत गेला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"लावा ह्याला नांगर," बाई म्हणाल्या.

अहवाल बाईंच्या शब्दांत गेला. जमीन फक्त चराईलायक. साहेबांनी मुकाट सही केली. पण ते गिऱ्हाईक तुटलं आणि वर्ष सरायच्या आत साहेबांनी आमचा मातीचा विभागच बंद केला. बाईंना घरी बसावं लागलं. त्यांना एकच गोष्ट टोचत राहिली. त्या धनवान माणसाने अहवाल मानला की कपाटात टाकून नांगर घातलाच, ते कुणालाच कळलं नाही. मी भेटायला गेले की त्या दर वेळी तेच विचारायच्या, आणि आतून आये विचारायची, "ते खडे खूप महत्त्वाचे होते गो?"

दशक सरता सरता मला दुसऱ्या नोकरीत त्या भागात जायचा योग आला. मी वाट वाकडी करून जीपने तिथे गेले. परत आल्यावर एक पुडी घेऊन थेट मुलुंड गाठलं. साखरेच्या आजाराने तोवर बाईंचे डोळे गेले होते. खाटेवर ताठ बसल्या होत्या, ऑफिसात बसायच्या तशाच.

"ओळखा बघू," म्हणत मी पुडी त्यांच्या तळहातावर ओतली.

त्या थुंकल्या. अंगठा फिरायला लागला. "वाळू जास्त. चिकणमाती नावाला." मग अंगठा थांबला. त्यांनी मातीतून सुतळीसारखं काहीतरी चिमटीत धरलं आणि बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"मोजा आहे गो ह्याच्यावर."

"हो."

"उभं आहे?"

"उभं आहे बाई. कमरेइतकं. गाई चरतायत."

त्यांनी ते मूळ मुठीत घट्ट धरलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "आये! तुझे खडे थंयच आसत गो!"

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पदराला हात पुसत म्हातारी दारात आली.

"कोणी निवडूक नाय मां?" तिने विचारलं.

"नाय गो आये," बाई म्हणाल्या. "कोणी हात लावूक नाय."