चिखलाला एक दिवस

माजिवड्याला नानांच्या चाळीत खोली बघायला गेलो, तेव्हा भाड्याआधी त्यांनी विचारलं, "काय शिकतोस?" सिव्हिल इंजिनीअर झालोय, एम.टेक.ची तयारी करतोय, असं सांगितल्यावर त्यांनी समोरच्या टॉवरकडे बोट केलं. "मंग मना सांग, त्याच्याखाली सगला चिखल हाय. यो उभा कसा?" मी पुस्तकातलं उत्तर म्हणून दाखवलं. नाना हसले. "बगलास का वाचलास?"

नाना तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. शाळा चौथीपर्यंत. कुठे पाया खणायला मशीन लागलं की कुंपणाला नाक लावून उभे. वॉचमन ओरडायचा, "काका, पडाल!"

"पडलो तर कलंल किती खोल हाय!"

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. या खेपेला प्रवेश नाही मिळाला तर मिळेल ती नोकरी धर, असं बाबांनी गावाहून निघतानाच सांगितलं होतं. मुलाखतीच्या आठवड्यात मी पाठांतराला बसलो होतो. नानांनी उठवून खाडीवर नेलं. चिखलात बांबू खुपसायला लावला, लगेच उपटायला लावला. सहज निघाला. पुन्हा खुपसून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जोर लावला, तरी हलेना.

"असं का, नाना?"

"मना काय इचारतोस? शिकलेला तू!"

मुलाखतीला समोर तिघे होते. त्यांतल्या एका सरांनी विचारलं, "माती आणि पाया, हाच विषय का?" पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच वाक्याला अडखळलं. मग मी बांबूचं सांगितलं, आणि म्हणालो, "सर, तो का घट्ट बसला, ते मला अजून कळलेलं नाही." तिघेही सरसावून बसले. उरलेला सगळा वेळ चिखलावरच बोलणं झालं. प्रवेश मिळाला.

पहिल्या सुट्टीत उत्तर घेऊन नानांकडे गेलो. बांबू घुसताना चिखल घुसळून निघतो, मऊ पडतो. मग आतल्या पाण्याचा दाब हळूहळू ओसरतो आणि चिखल बांबूला आवळून धरतो. त्याला वेळ द्यावा लागतो.

नाना म्हणाले, "मिठागराच्या बांधाला मेखा ठोकल्या का माजा बा एक दिस बसून ऱ्हायाचा. कुनाला हात लावू द्यायचा नाय. मी त्याला चार मानसांत आलशी बोललो व्हतो."

ते उठून आत गेले आणि पूजेला बसताना घालायची टोपी डोक्यावर घालून बाहेर आले. समोर बसत म्हणाले, "आता पयल्यापासून सांग."