शुभांगी बूस्ट कमी करते तेव्हा

टर्बो गाडीवाल्यांकडे किस्से साठतात, कारण त्यांचा बराच वेळ गॅरेजबाहेरच्या बाकावर जातो. गाडी आत लॅपटॉपला जोडलेली असते, चहा येतो, शेजारचा आपल्या गाडीचं दुखणं सांगतो, मग आपण आपलं सांगतो. संध्याकाळी घरी जाताना गाडीबरोबर दोन-चार गोष्टीही नेतो.

आमचा बाक गाझियाबादच्या इंडस्ट्रियल एरियात, शुभांगीच्या गॅरेजसमोर. शुभांगी दिल्लीतच वाढलेली, मेकॅनिकल इंजिनियर. एका गाड्यांच्या कंपनीत बरीच वर्षं इंजिनाच्या कॉम्प्युटरवर काम केलं आणि मग नोकरी सोडून हे सुरू केलं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, तिला म्हणायचं बूस्ट. त्या हवेबरोबर किती पेट्रोल द्यायचं आणि ते नेमकं कधी पेटवायचं, हे कॉम्प्युटर बघतो. त्या कॉम्प्युटरला काय सांगायचं, ते शुभांगी बघते; यालाच ट्यूनिंग म्हणतात. पॉवर वाढवून देणारे एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीच्या आसपास, पुष्कळ आहेत. शुभांगीकडे लोक येतात ते गाडी रोज सकाळी चालू व्हावी आणि संध्याकाळी घरी पोचावी म्हणून.

*

मी पहिल्यांदा गेलो तो पॉवर वाढवायलाच. माझी सरकारी नोकरी, रोजचा रस्ता गाझियाबाद ते सेंट्रल दिल्ली.

"ऑफिसला जायला इतकी पॉवर लागते?" तिने विचारलं.

"लागत नाही. पण असावी."

"खरं बोललात. चला, एक चक्कर मारू."

ती मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. फ्लायओव्हरवर म्हणाली, "आता पाय पूर्ण दाबा." मी दाबला. ती स्क्रीनकडे बघून "अच्छा" इतकंच म्हणाली. परत आल्यावर लॅपटॉप मिटला, बॉनेट उघडलं आणि एका रबरी पाइपाच्या खालून बोट फिरवलं. पाइप चिरला होता. टर्बो इमानदारीने हवा भरत होता आणि ती वाटेतच निघून जात होती.

नवा पाइप लागला आणि गाडी अशी निघाली की मी सीटला चिकटलो. "मग ट्यूनिंग कधी करायचं?" मी विचारलं.

"आधी कंपनीने दिलेली गाडी तर चालवा," ती म्हणाली. "ती तुम्ही अजून चालवलीच नाहीये."

*

नोएडाचा एक तरुण आला होता, विक्रांत. गाडी दुसरीकडे ट्यून केलेली, बूस्ट बेसुमार वाढवलेला, आणि याला अजून हवा होता. शुभांगीने वाद घातला नाही. इंजिनावर एक छोटा माइक लावला, विक्रांतच्या कानाला हेडफोन दिले आणि जूनच्या दुपारी, एसी चालू ठेवून, त्याला स्वतःच्याच गाडीत शेजारी बसवलं. चालवायला ती.

आधी ट्रॅफिकमध्ये इंजिन तापू दिलं. मग मोकळा रस्ता लागल्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला.

विक्रांतने हेडफोन कानावरून अर्धवट काढले. "दीदी, ये क्या था? जैसे डिब्बे में पत्थर हिला रहे हों."

त्याने हिंदीत विचारलं, तिने हिंदीतच समजावलं. बूस्ट जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की उष्णतेने मिश्रण वेळेआधी भडकतं. तो मार पिस्टनवर बसतो. रोज थोडा थोडा. बाहेर काही ऐकू येत नाही, आणि एक दिवस पिस्टन फुटतो.

गॅरेजपाशी विक्रांतने हेडफोन काढून तिच्या हातात दिले. उतरताना म्हणाला, "कम कर दो, दीदी. जितना ठीक लगे."

*

शुभांगीचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो, केंद्र सरकारातून रिटायर झालेत आणि दुपारी बाकावर असतात. त्यांचीही छोटी टर्बो गाडी आहे. एकदा ते आम्हाला म्हणाले, "यार, माझी गाडी हल्ली सिग्नलवरून उडी मारत नाही."

आतून आवाज आला, "ती उडी मीच बंद केलीय, बाबा. परवा सोसायटीच्या गेटमध्ये मारलीत ना."

"मग मी ही म्हाताऱ्यासारखी चालवायची का?"

शुभांगीने गाडी आत घेतली. पहिल्या दोन गियरमध्ये बूस्ट कमीच ठेवला, तिसऱ्यापासून पुढे पूर्ण दिला. म्हणजे गल्लीत गाय आणि हायवेवर घोडा.

काका चक्कर मारून आले ते खूश होते. माझ्याशेजारी बसत हळूच म्हणाले, "तिला मी सांगणार नाही, पण ऑफिसात माझ्या हाताखाली असं कोणी असतं, तर मी रिटायर झालोच नसतो."

*

पानिपतचे मल्होत्राजी चादरींचे व्यापारी. बायकोला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा दिल्लीला आणायचे. गाडी हायवेवर अचानक दम सोडायची, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि ट्रक मागून हॉर्न मारत यायचे. दोन ठिकाणी सांगितलं होतं, टर्बो बदला. गॅरेजमध्ये मात्र गाडी एकदम ठणठणीत.

शुभांगी म्हणाली, "ही इथे बिघडणार नाही. मी तुमच्याबरोबर पानिपतला येते."

गेली. परतीच्या वाटेवर, टाकी अर्धी झाल्यावर आणि पेट्रोल तापल्यावर, दिवा लागला. लॅपटॉपवर दिसलं की पेट्रोलचा दाब पडतोय. पंप थकला होता. इंजिन उपाशी पडत होतं आणि जीव वाचवायला स्वतःच ताकद कमी करत होतं. टर्बोला काहीच झालं नव्हतं.

तिने पंप बदलला, बूस्ट थोडा उतरवला, पेट्रोल किंचित सढळ केलं. म्हणाली, "आता ही कोणाला ओव्हरटेक करायला धावणार नाही. पण पोचवेल."

काही महिन्यांनी मल्होत्राजी चादर घेऊन आले. गाडीबद्दल काही बोललेच नाहीत. इतकंच म्हणाले, "पहले वो पूरा रास्ता उस बत्ती को देखती रहती थी. अब गाड़ी में सो जाती है."

शुभांगी चादर घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

आणि जोशीबाई. पहाडगंजच्या मराठी शाळेत शुभांगीला भूगोल शिकवलेल्या. त्यांच्या यजमानांना रिटायर झाल्यावर वेगाचं वेड लागलं होतं. लाल हॅचबॅक घेतली, गुडगावला जाऊन ट्यून करून आणली. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

बाई गाडी घेऊन आल्या त्या पहिल्या गियरमध्येच. "शुभांगी, मला ही विकायची नाही. पण ही माझं ऐकत नाही. भाजी आणायला जाता येईल इतकी शांत कर."

शुभांगीने दोन दिवस घालवून गाडी अगदी गरीब केली. किल्ली देताना मात्र घुटमळली. "बाई, जोशीकाकांचं ट्यूनिंग मी पुसलं नाहीये. त्यात धोका होता तेवढा काढला, बाकी आत तसंच आहे. स्टिअरिंगवरचं हे बटण दाबून धरलं की ते चालू होतं. तुम्हाला लागणार नाही. पण आहे."

बाईंनी बटणाकडे पाहिलं, मान हलवली आणि सावकाश निघून गेल्या.

परवा त्या सर्व्हिसिंगला आल्या होत्या. शुभांगी गाडीसमोर वाकली आणि तशीच राहिली. मागच्या खेपेला नवेकोरे असलेले पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते.

"बाई, भाजीलाच जाता ना?"

"हो तर," पर्समधून चष्मा काढत बाई म्हणाल्या. "रविवारी जरा लांबून आणते."