भिशीचे पैसे जिन्यात देत नाहीत

गेल्या महिन्यात डोंबिवलीत आमच्या घरी भिशी होती आणि नेमका माझाच नंबर लागला होता. खरं तर मी खुशीत असायला हवं होतं... पण माझं सगळं लक्ष दाराच्या बेलकडे.

झालं होतं असं की माझं पोळीभाजी केंद्र बंद पडलं, त्याचं कर्ज थकलं आणि बँकेने ते वसुली एजन्सीकडे दिलं. तेव्हापासून त्यांच्या माणसाचा फोन आला की मी बाथरूममध्ये जाऊन कुजबुजत बोलायचे. घरच्यांना माहीत होतं, पण बिल्डिंगमध्ये कळलं तर काय तोंड दाखवू, याचीच धास्ती.

साठवलेले पैसे आणि भिशीची रक्कम मिळून कर्ज फिटणार होतं. आणि या शहाण्या बाईने त्या माणसाला फोनवर सांगूनही टाकलं, की रविवारी पैसे येतायत!

तो आलाच. ऐन भिशीत, रक्कम नुकतीच माझ्या हातात पडली तेव्हा. सगळे पैसे घेऊन मी धावत बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि त्याला जिन्यात गाठलं.

"मॅडम, कॅश द्या, आजच क्लोज करून टाकतो. नायतर उद्यापासून अमाउंट वाढेल," तो म्हणाला. पावती? ती म्हणे नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो. आणि खरं सांगते, मी देणारच होते... एकदाची कटकट मिटेल, कोणाला कळणारही नाही.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई! ही भिशी वर्षानुवर्षं त्याच चालवतात आणि त्यांचा एकच नियम, पैसे द्यायचे-घ्यायचे ते सगळ्यांसमोर, आकडा मोठ्याने सांगून.

"काय गं, जिन्यात कसले पैसे देतेस? अहो, तुम्ही आत या. पोहे घ्या."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

त्याला बायकांच्या मधोमध बसवून सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "हं, आता सांगा. किती, आणि कोणाला द्यायचे?" मग सगळ्याच सुटल्या. ओळखपत्र आहे का, बँकेचं पत्र कुठाय, पैसे थेट कर्जखात्यात का नाही भरायचे... तळमजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, "आमच्यात शंभर रुपये दिले तरी सही घेतात हो!"

पोहे अर्धे टाकून तो उठला. "बँकेतच भरा मग," असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. मला मात्र कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊनच ब्रँच गाठली. एजन्सी खरी होती, पण रोख कोणाच्याही हातात द्यायची नाही, असं तिथल्या मॅडमनी बजावलं. बाकी रकमेचं पत्र दिलं... आणि तो आकडा त्या माणसाच्या आकड्यापेक्षा चक्क कमी! पैसे कर्जखात्यात भरले, शिक्क्याची पावती घेतली. कर्ज फिटल्याचं 'नो ड्यूज' पत्र कधी मिळेल, हे सासूबाईंनी निघेपर्यंत तीनदा विचारलं.

ते परवा आलं. आजच्या भिशीत सासूबाईंनी मला ते उभं राहून मोठ्याने वाचायला लावलं. ज्यांना कळू नये म्हणून माझा जीव जात होता, त्याच बायका टाळ्या वाजवत होत्या. माझे डोळेच भरून आले.

आता फोन वाजला की मी हॉलमध्येच उचलते... थँक्यू, आई.