चौथ्या ट्यूनपर्यंत

आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे अंकल सॅक्सोफोन वाजवतात. हातात भाजीची पिशवी असली, तरी त्यांची बोटं तिच्या बंदांवर चालूच असतात. यंदा त्यांनी स्टुडिओत जाऊन जॅझचा अल्बम काढला आणि जिन्यात भेटेल त्याला विचारू लागले, "ऐकलास काय, मॅन?" सगळे "मस्त, अंकल!" म्हणून सटकायचे. मी तर न ऐकताच "अप्रतिम!" म्हणालो. त्यांनी माझा हात इतक्या आनंदाने दाबला, की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी अल्बम लावला आणि संध्याकाळी त्यांची बेल वाजवली.

"अंकल, मी खोटं बोललो. ऐकला आजच. काही कळलं नाही. चौथ्या ट्यूनला झोप लागली."

अंकल गंभीर झाले. "चौथ्या?"

"हो. सॉरी."

ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "ऐकलंस काय गं? हा चौथ्या ट्यूनपर्यंत जागा होता!"

"खोटं बोलतोय," आतून आंटी म्हणाल्या. "मी दुसरीच्या पुढे कधी गेले नाही."

अंकलनी मला दंडाला धरून सोफ्यावर बसवलं, पाचवी ट्यून लावली आणि समोर खुर्ची ओढून म्हणाले, "आता झोपलास, तर परत पहिल्यापासून."