माझं बोट आणि त्याचं टेक्निक

त्या माणसावर मी अजून डूख धरून आहे. एवढी वर्षं झाली, केस पिकले, डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलं. तरी टीव्हीवर कुणी सरळ बॅटने चेंडू जागच्या जागी अडवला आणि शेजारचा माणूस ‘वा, काय टेक्निक आहे’ म्हणाला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदच्या दशकात मी ओमानमध्ये रुसैलला, पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. मुंबईहून एकटाच गेलेला. आठवडाभर पाइपांची जाडी तपासायची, कॅम्पच्या खोलीत डाळभात शिजवायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघायची. शुक्रवारी क्रिकेट. खडीच्या माळावर सिमेंटची पट्टी, तिच्यावर खिळे ठोकून ताणलेली मॅट. चेंडू अडवायला सूर मारला तर गुडघ्याची सालं तिथेच ठेवून यायचं. मी सलामीला जायचो. थोर फलंदाज नव्हतो, पण चेंडू दिसला की हाणायचो, आणि शुक्रवारी चार चौके बसले की पुढचा आठवडा बरा जायचा. त्या देशात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

आमच्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शोरूममध्ये ठेवायला त्याला कप हवा होता. म्हणून कंपनीने मुंबईहून एक खेळाडू आणला. व्हिसावर तो स्टोअर असिस्टंट होता. राज्याच्या संघात त्याची निवड थोडक्यात हुकली होती म्हणे. कुणामुळे हुकली, केव्हा हुकली, हे दर वेळी वेगळं असायचं.

पहिल्याच दिवशी तो पांढरेशुभ्र पॅड बांधून उतरला, गार्ड घ्यायला दोन मिनिटं लावली आणि पहिला चेंडू कोपर वर करून असा अडवला, की आमचे कॅप्टन खुर्चीतून उठून उभे राहिले. कॅप्टन म्हणजे आमचे फोरमन, रत्नागिरीकडचे, वयाने मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

“टेक्निक बघ रे त्याचं,” चाचा मला म्हणाले.

“चाचा, रन कुठे झाला?” मी विचारलं.

“रन होतील. इन्शाल्ला.”

ते कधी फारसे झालेच नाहीत. पण तो आउटही होत नसे. दुबळ्या टीमविरुद्ध हळूहळू तीस-पस्तीस करायचा. कुणी जोराचा बोलर आला की एकेरी धाव घेऊन पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. शेवटी आम्ही हरायचो आणि हा नाबाद. बसमध्ये सगळे म्हणायचे, “बिचाऱ्याने एकट्याने किल्ला लढवला.” अरे, किल्ला गेला ना पण! हे मी दोनदा बोललो, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं बघितलं गेलं की जणू मी कुणाच्या मयतीत शिट्टी वाजवली.

मग गुरुवारी दुपारी त्याला प्रॅक्टिससाठी सुट्टी मिळू लागली. स्टोअरमधला त्याचा माल उतरवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेही मी गिळलं. पण एके दिवशी त्याने चाचांच्या कानात सांगितलं, की सलामीला आपल्यासोबत संयमी माणूस हवा. झालं. माझ्या जागी अकाउंट्समधला त्याचा दोस्त आला आणि मी खाली सरकत सरकत टीमबाहेर, पाण्याच्या बाटल्यांपाशी जाऊन बसलो. माझा शुक्रवार त्याने काढून घेतला होता. त्या दिवसापासून मी संधीची वाट बघू लागलो.

संधी चालून आली ती अंपायरच्या कोटातून. आमच्याकडे अंपायर बाहेरून यायचे नाहीत. त्या उन्हात परक्यांसाठी कोण उभा राहणार? म्हणून जी टीम बॅटिंग करेल तिचीच दोन माणसं अंपायर व्हायची. बोल्ड आणि कॅच तर सगळ्यांनाच दिसतात, पण पायचीत अंपायरच्या हातात. आणि आपल्या माणसाला पायचीत द्यायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. समोरची टीमही तेच करायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. बोलर नुसते सवयीने ओरडायचे आणि वळून चालू लागायचे. मी टीमबाहेर, म्हणून अंपायर नेहमी मीच.

आणि अंपायरच्या जागेवरून मला तो नीट दिसला. जोराचा चेंडू आला की त्याचा मागचा पाय लेगकडे पळायचा. त्या टेक्निकच्या आत एक घाबरट माणूस होता. तो मला दिसत होता आणि बाउंड्रीवर बसलेल्यांना दिसत नव्हता.

फायनल रुस्ताक गावच्या दुकानदारांच्या टीमशी होती. आम्हाला दुसरी बॅटिंग. धावा होण्यासारख्या होत्या, पण हा एका बाजूला अडवत उभा. ओव्हरमागून ओव्हर कोरडी जात होती. समोरचे हाणायला जाऊन बाद होत होते आणि बाउंड्रीवरून चाचा ओरडत होते, “शाबास! उभा राहा!” रुस्ताकचा जोरात टाकणारा बोलर रायगडकडचा, दाढीवाला, उंच. त्याचा एक चेंडू खाली राहिला. याचा पाय सवयीने लेगकडे निघाला, मग घाबरून परत आला आणि मधल्या स्टंपसमोर चेंडू पॅडवर आदळला. बोलर ओरडला आणि माझ्याकडे न बघताच वळला.

मी बोट वर केलं.

ते आपोआप वर गेलं, असं मी म्हणणार नाही. माझा हात कित्येक शुक्रवार शिवशिवत होता. आणि तो आउट होताच, ढळढळीत आउट. इतकं सुख मला ओमानमध्ये दुसऱ्या कशाने झालं नाही.

त्याने बॅट काखेत मारली. मग माझ्याजवळून जाताना थांबला. “जळतोस ना माझ्यावर?”

“हो,” मी म्हणालो. “आणि तू आउट आहेस. यल्ला, चालू लाग.”

त्याच्यामागून आमची शेपटाकडची पोरं आली. त्यांना टेक्निक वगैरे ठाऊक नव्हतं. त्यांनी आडवेतिडवे पट्टे फिरवले आणि मॅच अगदी दारापर्यंत आणली. पाच धावा कमी पडल्या.

“तो असता तर!” बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी हेच. “पाच रन त्याने झोपेत काढले असते.” चाचा माझ्याशी एकच वाक्य बोलले. “आपल्या माणसाला कोण आउट देतो रे? खलास, पुढच्या जुम्म्याला तू येऊ नको.” मी पुन्हा कधीच गेलो नाही. शुक्रवारी सकाळी बस निघायची आणि मी खोलीत कपडे धूत तिचा आवाज ऐकायचो.

इकडे त्याची गोष्ट फुगत गेली. तो साठावर खेळत होता, शंभर नक्की होते, अंपायर विकला गेला होता. नवीन आलेल्या पोरांना कारखाना दाखवावा तशी ती गोष्ट सांगितली जायची. दोन हजार सालानंतर त्याला दुबईला मोठी नोकरी लागली, तीही क्रिकेटच्याच जोरावर. निरोपाच्या जेवणात तो उभा राहून म्हणाला, “त्या दिवशी मला चुकीचं आउट देणाऱ्याला मी केव्हाच माफ केलंय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने येऊन मला मिठी मारली. हातात बिर्याणीची प्लेट होती म्हणून, नाहीतर मी त्याला तिथेच आडवा केला असता.

पुढे काही वर्षांनी मालाच्या कामासाठी मी रुस्ताकला गेलो होतो. एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे तोच उंच दाढीवाला बोलर. त्याने मला लगेच ओळखलं.

“तुम्ही ते अंपायर ना? बसा, चाय पिऊन जा. तुमच्यामुळे त्या दिवशी कॅप्टनने माझी आई-बहीण काढली होती.”

“विकेट घेतलीस म्हणून?”

“मग? आम्हाला ऑर्डर होती भाई, याला आउट करायचाच नाही. कॅच आला तर सोडा. हा उभा आहे तोपर्यंत मॅच आपली. अपील मी आदतने केलं. मला काय माहीत, तुम्ही बोट वर कराल!”

चहा आला. 

“आउट दिला नसता तर काय झालं असतं?” मी विचारलं.

“काय होणार? अजून चार ओव्हर असाच ठुकठुक करत राहिला असता. तुम्ही तीस-चाळीस रननी हरला असता आणि तुमच्या त्या चाचाने स्वतः त्याला बॅटने हाणला असता.” तो हसला. “तुम्ही वाचवलात त्याला.”

म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. फक्त चार ओव्हर हात खिशात ठेवायचा होता.