तरसाची नाइट

माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा मी दापोड्याच्या एका गोदामात रात्रपाळी करायचो; मागे येणारे ट्रक धक्क्याला लावून घ्यायचो. सकाळी घरी येऊन झोपायचो. मग दिवसभर घरात आवाज बंद. बायको कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ हळूहळू सोडायची. भांडी चारनंतर घासायची. मुलगी खेळायला लागली की तिला एकच वाक्य, "पप्पांची नाइट हाय, आवाज न्हाय." आमच्या चाळीतले बरेच जण लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, रात्रपाळी करायचे; त्यांच्या घरीही हेच चालायचं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका दुपारी तिच्या हातून स्टीलचा ग्लास पडला. मी उठलो, तिच्या पाठीत धपाटा घातला आणि परत आडवा झालो. झोप काही आली नाही. ती रडत होती, पण तोंड दाबून. एवढंसं लेकरू माझ्या झोपेसाठी रडणंसुद्धा गिळत होतं. मी जागा होतो, तरी उठून तिला जवळ घेतलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी तिला शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नेलं. कशासाठी, ते मलाच ठाऊक होतं. आत होतं तरी काय? चार हरणं, मोर, माकडं, एक अजगर आणि शेवटच्या पिंजऱ्यात एक तरस. भर दुपारी ते आमच्याकडे पाठ करून गाढ झोपलं होतं.

"पप्पा, ह्याची पन नाइट हाय?"

"हो. रात्रभर जागतं ते."

तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि त्याला उठवायला जाळीवर किल्ली आपटू लागले. माझी मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "अंकल, आवाज मत करो. इसका नाइट है."

"अच्छा? कौनसे लूम पे?" म्हणत ते हसले आणि किल्ली खिशात टाकली. आजूबाजूचेही हसले. मी मात्र त्या जाळीकडे बघत राहिलो.

आता ती चोवीस वर्षांची आहे, काल्हेरच्या एका ऑफिसात जाते. मला दोन वर्षांपासून दिवसपाळी मिळाली आहे. गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "चला पप्पा, तरस बघून येऊ." आम्ही संध्याकाळी गेलो. बंद व्हायची वेळ जवळ आली होती. आता दुसरं तरस होतं, आणि चक्क जागं. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होतं.

मी म्हणालो, "त्या ग्लासावरून मी तुला मारलं होतं. चुकलं माझं."

ती जाळीकडेच बघत होती. "माहितीय. पोचा आलाय त्या ग्लासाला. मी त्यातच चहा घेते."

"तेव्हा मोठ्याने का नाही रडलीस?"

"मम्मी म्हणायची, पप्पा झोपले नाहीत तर रात्री ट्रक लावताना डोळा लागेल. मला तुमची भीती नव्हती वाटत, ट्रकची वाटायची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आता तुमच्या घोरण्याने आमची झोप उडते, त्याचं काय?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. बाहेर जायला सांगणारी रखवालदाराची शिट्टी वाजली. ती तरसाला खणखणीत आवाजात म्हणाली, "चल रे, ड्युटीवर जा!"

सवयीने माझं बोट ओठांकडे निघालं होतं. मी ते मिशीवरून फिरवलं आणि खाली घेतलं.